ज्येष्ठता यादी, बढती आणि न्यायालयीन कर्मचारी: वाचकांचे प्रश्न

न्यायालयांच्या कार्यालयांत काम करणारे लिपिक, लघुलेखक, बेलिफ यांच्याकडून ज्येष्ठता आणि बढतीबद्दल बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. लिहिणारे अजून सेवेत आहेत, म्हणून नावं आणि न्यायालयं गाळली आहेत.

प्रश्न: 2016 च्या भरतीत कनिष्ठ लिपिक म्हणून माझी निवड झाली. निवड यादीत माझा क्रमांक सातवा होता. आधीच्या नोकरीतून कार्यमुक्त व्हायला वेळ लागल्याने मी नेमणूक आदेशानंतर सव्विसाव्या दिवशी रुजू झाले. आता निघालेल्या तात्पुरत्या ज्येष्ठता यादीत रुजू दिनांकाप्रमाणे क्रम लावलाय. निवड यादीत माझ्या खाली असलेले आठ सहकारी माझ्या वर गेले आहेत. आस्थापना शाखेत विचारलं तर "आधी रुजू तो वरिष्ठ" एवढंच उत्तर मिळालं.

उत्तर: हे उत्तर चुकीचं आहे. तुमची नेमणूक 2016 ची, त्यामुळे महाराष्ट्र नागरी सेवा (ज्येष्ठतेचे विनियमन) नियम, 1982 बघावे लागतील. 2021 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, पण आपापसातली ज्येष्ठता संवर्गात येताना जे नियम लागू होते त्यांनीच ठरते. 1982 च्या नियम 4 प्रमाणे एकाच तुकडीत सरळसेवेने (थेट भरतीने) निवडलेल्यांचा क्रम निवडीच्या गुणानुक्रमाने लागतो. अट एवढीच की नेमणूक आदेशाच्या दिनांकापासून तीस दिवसांत, किंवा सक्षम प्राधिकाऱ्याने वाढवून दिलेल्या मुदतीत, उमेदवार रुजू झालेला हवा. तुम्ही मुदतीत आहात, तेव्हा पहिल्या दिवशी हजर झालेला सोळाव्या क्रमांकाचा उमेदवार तुमच्या वर जाऊ शकत नाही.

दिवस मोजायचे ते आदेशावरच्या तारखेपासून. पत्र टपालाने कधी हातात पडलं याचा इथे उपयोग नाही. एकतिसाव्या दिवशी किंवा नंतर रुजू झालेल्या वाचकांनी मुदतवाढीचं पत्र शोधून काढावं. तोंडी "या पुढच्या आठवड्यात" म्हटलं गेलं असेल तर ते वादात टिकत नाही. रुजू अहवालाची प्रतही काढा. त्यावर तारखेसोबत मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हेही लिहिलेलं असतं.

चूक होते ती बहुतेक वेळा यादी तयार करताना. लिपिक सेवापुस्तकं समोर घेऊन बसतो, त्यांत रुजू दिनांक पटकन सापडतो आणि गुणानुक्रम मात्र भरतीच्या जुन्या नस्तीत पडून असतो. म्हणून हरकतीसोबत निवड यादीची प्रत जोडणं हे तुमचंच काम समजा. प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. न्यायालयांनाही तो कायदा लागू आहे, उत्तराची मुदत तीस दिवसांची. हरकतीची मुदत त्याआधी संपत असेल तर हरकत आधी द्या आणि "निवड यादीची प्रत मागितली आहे, मिळताच सादर करीन" असं तीत लिहा.

हरकत एका पानाची असावी. नियमांचे लांबलचक उतारे आणि झालेल्या अन्यायाचं वर्णन नको. असा मजकूर पुरतो:

"दि. … च्या तात्पुरत्या ज्येष्ठता यादीत माझे नाव अ. क्र. 23 वर दर्शविले आहे. 2016 च्या निवड यादीत माझा गुणानुक्रम 7 असून नेमणूक आदेशाच्या दिनांकापासून 26 व्या दिवशी मी रुजू झाले आहे. अ. क्र. 15 ते 22 वरील कर्मचारी त्याच निवड यादीत माझ्या खाली आहेत. सबब ज्येष्ठता नियम 1982 च्या नियम 4 नुसार माझे नाव अ. क्र. 15 वर घेण्यात यावे. संबंधित कर्मचाऱ्यांनाही म्हणणे मांडण्याची संधी द्यावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्या आठ जणांना न विचारता यादी दुरुस्त झाली तर उद्या त्यांच्यातला कुणीही "मला ऐकलंच नाही" या एकाच मुद्द्यावर ती दुरुस्ती रद्द करून आणू शकतो. मग तुम्ही पुन्हा आहात तिथेच. हरकत आवक शाखेत द्या आणि दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. साहेबांच्या टेबलावर ठेवलेला कागद पुराव्याला येत नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि सगळ्यात जास्त महत्त्व तिलाच आहे. 2016 नंतर आजवर एखादी अंतिम यादी याच क्रमाने निघाली होती का? 1 जानेवारीच्या स्थितीची यादी दर वर्षी काढायची पद्धत आहे. ती फलकावर लागते, तुम्ही सही करता आणि विसरून जाता. तशा अंतिम याद्या निघाल्या असतील आणि तुम्ही गप्प राहिला असाल, तर नियम तुमच्या बाजूचा असूनही विलंब आडवा येईल. के. आर. मुदगल प्रकरणात (1986) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थिरावलेली ज्येष्ठता वर्षानुवर्षांनी उकरून काढू नये. शिबाशंकर मोहपात्रा प्रकरणात (2010) ज्येष्ठतेला आव्हान देण्यासाठी तीन ते चार वर्षांचा काळ वाजवी मानला गेला. पहिलीच यादी असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. तशी नसेल तर हरकत द्याच, पण आधी का दिली नाही याचं खरं कारण तीत लिहा.

प्रश्न: अंतिम यादीविरुद्ध मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) अर्ज करायचा आहे. महसूल खात्यातल्या माझ्या भावाचा असाच प्रश्न तिथेच सुटला. वकील म्हणतात करूया. किती मुदत असते?

उत्तर: मॅटमध्ये जाऊ नका. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 चं कलम 2 बघा. सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालय आणि त्यांना दुय्यम असलेली न्यायालयं यांच्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना तो कायदा लागूच नाही. भाऊ महसूल खात्यात आहे, त्याला मॅट खुलं आहे. तुम्हाला नाही.

यामागचं कारण राज्यघटनेत आहे. उच्च न्यायालयाचा कर्मचारीवर्ग अनुच्छेद 229 प्रमाणे मुख्य न्यायमूर्तींच्या अखत्यारीत येतो, तर दुय्यम न्यायालयांवरचं नियंत्रण अनुच्छेद 235 ने उच्च न्यायालयाकडे दिलं आहे. आंध्र प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती विरुद्ध दीक्षितुलू या 1979 च्या निकालात घटनापीठाने ठरवलं की सरकारने नेमलेल्या न्यायाधिकरणाकडे या नियंत्रणाचा वाटा देता येणार नाही. न्यायालयाचं स्वातंत्र्य म्हणताना त्यात कार्यालयातला माणूसही धरलेला आहे, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

तुमचा रस्ता असा. प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशाविरुद्ध योग्य मार्गाने, म्हणजे त्यांच्याच कार्यालयामार्फत, उच्च न्यायालयाच्या प्रशासनाकडे निवेदन द्या. त्यातून काही निघालं नाही तर अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करा. ती मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांपैकी तुमच्या जिल्ह्याच्या पीठाकडे जाईल, गोव्यातल्या कर्मचाऱ्यांची गोव्याच्या पीठाकडे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

रिटला मुदत कायद्याने ठरवलेली नाही, आणि बरेच जण फसतात ते इथेच. पी. एस. सदाशिवस्वामी प्रकरणात (1975) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कनिष्ठाला वर चढवलं असेल तर सहा महिन्यांत, फार तर वर्षात, न्यायालयात यावं. तुम्ही सहा महिने हीच मुदत धरून चला. निवेदनामागून निवेदन देत राहिल्याने घड्याळ थांबत नाही. सी. जेकब प्रकरणात (2008) हे स्पष्ट झालं आहे की जुन्या, शिळ्या मागणीला आज उत्तर मिळालं म्हणून वादाचं नवं कारण जन्माला येत नाही. निवेदन एक द्या, दोन महिन्यांनी एक स्मरणपत्र द्या आणि मग वकिलाकडे जा.

प्रतिवादी कोणाला करायचं? राज्य शासनाचा विधी व न्याय विभाग, उच्च न्यायालय (रजिस्ट्रार जनरल यांच्यामार्फत), प्रधान जिल्हा न्यायाधीश, आणि तुमची मागणी मान्य झाल्यास जे खाली सरकतील ते सहकारी, नावानिशी. या शेवटच्या लोकांना सोडण्याचा मोह होतो. रोज शेजारी बसून डबा खाल्लेल्या माणसाला नोटीस पाठवणं जिवावर येतं, ते समजतं. पण प्रबोध वर्मा प्रकरणापासून (1984) नियम पक्का आहे: ज्यांच्यावर परिणाम होणार ते समोर नसतील तर याचिका चालत नाही. संख्या मोठी असेल तर त्यांच्यातले काही जण प्रातिनिधिक म्हणून जोडता येतात. नोटीस जाण्याआधी त्या सहकाऱ्यांना तुम्ही स्वतः सांगा, म्हणजे कार्यालयातलं बोलणंचालणं टिकेल.

अंतरिम मागणीत सरसकट स्थगिती मागितली तर ती क्वचित मिळते. त्यापेक्षा "यापुढील बढत्या या याचिकेच्या निकालाच्या अधीन राहतील आणि तसं बढती आदेशात नमूद करावं" अशी मागणी करा. ती मान्य होण्याची शक्यता बरीच जास्त असते आणि पुढे "आम्हाला वाद माहीत नव्हता" ही तक्रार उरत नाही.

काही वाचक विचारतात, उच्च न्यायालय आपल्याच प्रशासनाविरुद्धचं प्रकरण ऐकेल का? ऐकतं. प्रशासकीय निर्णय आणि न्यायिक काम वेगळं असतं. एच. सी. पुट्टस्वामी प्रकरणात (1991) कर्नाटक उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी केलेल्या कर्मचारी-नेमणुका नियमबाह्य ठरल्या होत्या. इतकी वर्षं सेवा केलेल्यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाने माणुसकीच्या दृष्टीने सेवेत ठेवलं.

मॅटमध्ये अर्ज आधीच केला असलेल्यांनी तो लगेच मागे घ्यावा, योग्य ठिकाणी जाण्याची मुभा आदेशात लिहून घ्यावी आणि चुकीच्या ठिकाणी गेलेला काळ रिटमध्ये तारखांसह मांडावा.

प्रश्न: वरिष्ठ लिपिकाच्या जागेवर मी पाच वर्षं तात्पुरत्या आदेशाने काम केलं. नंतर नियमित बढती मिळाली. यादीत ती पाच वर्षं धरलेली नाहीत. धरायला नकोत का?

उत्तर: हा वाद महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात घटनापीठाने सोडवला आहे: थेट भरती झालेल्या वर्ग 2 अभियंत्यांची संघटना विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1990. नेमणूक नियमाप्रमाणे झाली असेल तर ज्येष्ठता त्या दिवसापासून मोजायची, कायम केल्याच्या दिवसापासून नाही. नेमणूक नियमाप्रमाणे झालेली नसेल, नुसती वेळ भागवण्यापुरती असेल, तर तो काळ धरायचा नाही. याच निकालात पुढे म्हटलं आहे की सुरुवातीच्या नेमणुकीत प्रक्रिया पाळलेली नसली, पण माणूस नियमाप्रमाणे नियमित होईपर्यंत अखंड त्याच पदावर राहिला, तर आधीचा काळ धरता येतो. दोन्ही बाजूचे वकील हाच निकाल दाखवतात ते यामुळेच. 1993 च्या अघोरनाथ डे प्रकरणात खुलासा झाला की ही सवलत प्रक्रियेतल्या उणिवेपुरती आहे. पात्रता असलेल्या माणसाला, रिकाम्या जागेवर, मुदत न घालता नेमलेलं असावं. वेळ भागवण्यासाठी बसवलेल्याला ती मिळत नाही.

तेव्हा पाच वर्षांपूर्वीचा आदेश काढा आणि तो शब्दशः वाचा. "नियमित उमेदवार उपलब्ध होईपर्यंत" किंवा "या पदोन्नतीमुळे ज्येष्ठतेचा हक्क राहणार नाही" असं लिहिलं आहे का? त्या तारखेला जागा खरोखर रिकामी होती का, की कुणाच्या दीर्घ रजेची होती? तुमची अर्हता आणि लागणारी परीक्षा तेव्हा पूर्ण होती का? विभागीय पदोन्नती समितीने नावं तपासली होती का, की ज्येष्ठतेने सर्वात वरच्याला नुसतं बसवलं? मधे एक-दोन दिवसांचा खंड देऊन नवे आदेश काढत गेले का? जागा रिकामी, पात्रता पूर्ण, ज्येष्ठतेप्रमाणे निवड आणि खंड नाही, अशी स्थिती असेल तर मागणी जरूर करा. रजेच्या जागेवरची नेमणूक असेल तर आमच्या मते पैसा आणि वेळ खर्च करू नये.

नुसता अतिरिक्त कार्यभार म्हणजे बढती नाही. अमुक टेबल इतकी वर्षं सांभाळलं म्हणून ज्येष्ठता मागता येत नाही.

प्रश्न: विदर्भातल्या जिल्ह्यात नऊ वर्षं कनिष्ठ लिपिक होतो. घरच्या कारणाने विनंतीवरून पश्चिम महाराष्ट्रात बदली घेतली. इथे सगळ्यांच्या खाली टाकलं. आता म्हणतात, बढतीसाठी लागणारा अनुभवही शून्यापासून धरणार.

उत्तर: पहिली गोष्ट बरोबर, दुसरी चूक. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आस्थापनेची ज्येष्ठता यादी वेगळी असते. स्वतःच्या विनंतीवरून आस्थापना बदलली की नव्या यादीत तळाला जावं लागतं, आणि तसं हमीपत्र तुमच्याकडून घेतलेलं असणार. पण ज्येष्ठता आणि अनुभव वेगळे आहेत. संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार विरुद्ध व्ही. एम. जोसेफ (1998) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विनंतीवरच्या बदलीने ज्येष्ठता गेली तरी आधीची सेवा पुसली जात नाही, बढतीच्या पात्रतेसाठी ती मोजायची. नियमात "याच आस्थापनेवरील सेवा" अशी स्पष्ट अट असेल तरच निराळा विचार करावा लागेल. सेवाप्रवेश नियमाची प्रत मागून तो शब्द आहे का ते तपासा.

अर्थात पात्र ठरलात तरी पाळी तुमच्या नव्या क्रमांकानेच येईल. प्रशासकीय कारणाने, तुमची विनंती नसताना, बदली झाली असेल तर तळाला टाकण्याचं हे कारणच लागू होत नाही. बदली आदेशातलं "विनंतीनुसार" हे खरं आहे ना, तेही बघून घ्या.

प्रश्न: माझ्याविरुद्ध प्राथमिक चौकशी सुरू आहे, दोषारोपपत्र दिलेलं नाही. तरी बढतीच्या वेळी माझं नाव मोहोरबंद पाकिटात ठेवलं.

उत्तर: तसं करता येत नाही. मोहोरबंद पाकीट म्हणजे तुमच्याबद्दलचा समितीचा निर्णय कारवाई संपेपर्यंत न उघडता ठेवणं. के. व्ही. जानकीरामन प्रकरण (1991): दोषारोपपत्र बजावल्यावरच विभागीय कारवाई सुरू झाली असं धरायचं. फौजदारी प्रकरणातही आरोपपत्र लागतं. नुसती तक्रार किंवा प्राथमिक चौकशी पुरत नाही. समितीची बैठक ज्या तारखेला झाली त्या दिवशीची स्थिती काय होती, हे लेखी मागा. निलंबित असाल तर मात्र पाकीट योग्य आहे.

प्रश्न: समितीने मला वगळून तीन कनिष्ठांना सहायक अधीक्षक केलं. "गोपनीय अहवाल समाधानकारक नाहीत" म्हणतात. मला तर एकही वाईट शेरा कधी कळवलेला नाही.

उत्तर: न कळवलेला अहवाल तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. देव दत्त प्रकरण (2008) आणि त्यावर शिक्कामोर्तब करणारं सुखदेव सिंग प्रकरण (2013) यांनुसार प्रत्येक वर्षाची प्रतवारी कर्मचाऱ्याला कळवायला हवी, "चांगला" असा शेरा असला तरी. कारण बढतीसाठी "खूप चांगला" लागत असेल तर "चांगला"ही आड येतो. स्वतःच्या सर्व अहवालांच्या प्रती मागा, कमी प्रतवारीविरुद्ध निवेदन द्या आणि त्यावर निर्णय झाल्यावर समितीने त्याच जुन्या तारखेच्या स्थितीने पुन्हा विचार करावा अशी मागणी करा. सहकाऱ्यांचे अहवाल मात्र माहितीच्या अधिकारात मिळण्याची आशा धरू नका. गिरीश देशपांडे प्रकरणापासून (2012) ती वैयक्तिक माहिती मानली जाते. समितीचं इतिवृत्त आणि निकष मागा.

बढतीचा निकषही वाचा. "ज्येष्ठता नि गुणवत्ता" असेल तर किमान गुणवत्ता असलेल्यांत ज्येष्ठाला आधी घ्यायचं, तुलना करून जास्त हुशार कनिष्ठाला उचलायचं नाही. बी. व्ही. शिवय्या प्रकरणात (1998) हे नीट मांडलं आहे. बऱ्याच समित्या किमान गुण ठरवतच नाहीत, गुण देऊन त्या उतरत्या क्रमाने यादी लावतात. तुमच्या इतिवृत्तात तसं दिसलं तर तो तुमचा सर्वात चांगला मुद्दा आहे. एक मर्यादा लक्षात असू द्या: तुमचा मूलभूत हक्क बढतीसाठी विचार होण्याचा आहे, प्रत्यक्ष बढतीचा नाही. म्हणून न्यायालय बहुधा "पुन्हा विचार करा" असं सांगतं, थेट पद देत नाही.

प्रश्न: आश्वासित प्रगती योजनेचा दुसरा लाभ घेतला. त्यामुळे माझी ज्येष्ठता वाढली का?

उत्तर: नाही. त्या योजनेत वेतनश्रेणी मिळते, पद नाही. यादीत जागा तीच राहते. नियमित बढती नाकारली तर या लाभावर परिणाम होतो, म्हणून गाव सोडायचं नाही या कारणाने नकार लिहून देण्यापूर्वी वेतनाचा हिशेब करून बघा.

प्रश्न: याचिका जिंकलो. मानीव दिनांक मिळाला, पण फरकाची रक्कम नाही. "काम केलं नाही तर वेतन नाही" असं सांगितलं जातंय.

उत्तर: मानीव दिनांक म्हणजे कनिष्ठ ज्या दिवशी वर गेला त्या दिवशी तुम्हीही गेला असं धरणं. ज्येष्ठता आणि वेतननिश्चिती त्या तारखेपासून होतेच. थकबाकीचं उत्तर निकालाच्या शब्दांत असतं. "सर्व अनुषंगिक लाभ" किंवा "आर्थिक लाभांसह" असं म्हटलं असेल तर रक्कम द्यावी लागेल. "काल्पनिक वेतननिश्चिती" म्हटलं असेल तर मागची रक्कम मिळणार नाही. निकाल याबद्दल गप्प असेल तर रमेश कुमार विरुद्ध भारत सरकार (2015) दाखवा. प्रशासनाच्या चुकीने माणूस बढतीपासून दूर राहिला असेल तर ते तत्त्व त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. म्हणूनच याचिका लिहून घेतानाच मागण्यांमध्ये थकबाकी वेगळी, स्पष्ट शब्दांत टाका.

मानीव दिनांकाचा आदेश हाती आल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घ्या, वेतन पडताळणी पथकाकडून ती तपासून घ्या आणि पुढच्या पदासाठीचा अनुभव नव्या तारखेपासून मोजला जातोय ना, ते बघा. मधल्या काळात निवृत्त झाला असाल तर सुधारित वेतनावर निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरण तिन्हीची फेररचना होते. तिन्हीसाठी एकच अर्ज न देता वेगवेगळे अर्ज द्या, कारण ते वेगवेगळ्या टेबलांवर जातात.